वायर की वायफाय? आधी केबल जमिनीवर टाकून बघा

व्हिडिओ कॉल मध्येच अडकतो, पण दोष इंटरनेटचा की वायफायचा हे कळत नाही. नवा राउटर घेण्याआधी किंवा भिंतीला भोकं पाडण्याआधी एवढं करा:

१. कॉम्प्युटर नेहमीच्या जागी ठेवून वायफायवर स्पीड टेस्ट घ्या. 'पिंग'चा (म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेचा) आकडाही लिहून ठेवा. स्पीड चांगला असूनही कॉल तुटत असेल, तर पिंग वरखाली होतोय का ते आधी पाहा.

२. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत एक लांबलचक लॅन केबल (नेटवर्कची वायर) तात्पुरती जमिनीवरून ओढा (कुणाकडून मागून आणली तरी चालेल). वायफाय बंद करून तीच टेस्ट पुन्हा घ्या.

३. आकडे सारखेच आले तर केबलवर खर्च करू नका, अडचण दुसरीकडे आहे. केबलवर बराच फरक पडला, तर राउटरचा ५ गिगाहर्ट्झ बँड (वायफायचा एक फ्रिक्वेन्सी पट्टा) वापरून बघा. तो २.४ गिगाहर्ट्झच्या बँडपेक्षा वेगवान असतो, पण भिंतींपुढे लवकर कमजोर पडतो. तरीही जमलं नाही तर केबल कायमची बसवा.

माझ्या मते डेस्कटॉप, टीव्ही अशा जागच्या न हलणाऱ्या वस्तूंना केबलच द्यावी. त्यामुळे फोनसाठी वायफायही मोकळं होतं.

केबल शुद्ध तांब्याची 'कॅट ६' (लॅन केबलचा एक दर्जा) घ्या; १०० मीटरपर्यंत गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिट) स्पीड मिळतो. मात्र विजेच्या वायरींच्या पाइपातून ती नेऊ नका.