कापसावरून वाटाघाटी: गावच्या अभ्यासिकेत राजनयाचा सराव

परराष्ट्र सेवेत निवड झाली की पुढचं प्रशिक्षण मसुरीत आणि दिल्लीच्या सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत होतंच. पण ऐकणं, टिपणं आणि मसुदा लिहिणं या सवयी वणी-पुसदकडच्या अभ्यासिकेतही आधीपासून लावता येतात. विषय कापसाचाच घ्या. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली यांनी जागतिक व्यापार संघटनेत श्रीमंत देशांच्या कापूस अनुदानाचा प्रश्न मांडला. बाहेरच्या अनुदानाने भाव कसा पडतो, हे आपल्याकडच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही.

या वाटाघाटींच्या सरावाला आठ जण लागतात. अमेरिका, हे चार आफ्रिकी देश मिळून एक गट आणि भारत, प्रत्येकाकडून दोघं. एक अध्यक्ष, एक नोंद घेणारा. आदल्या दिवशी प्रत्येक गटाला एका पानाच्या गुप्त सूचना द्या: काय मिळायलाच हवं, काय सोडता येईल, कुठे उठून यायचं. भारताची बाजू सर्वांत अवघड, कारण दुसऱ्याच्या अनुदानावर बोट ठेवलं की आपल्या हमीभावावर प्रश्न येणारच. ती सर्वांत तयारीच्या जोडीला द्या.

पहिली २० मिनिटं फक्त निवेदनं. नंतर नियम एकच: समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत सांगायचं, त्याने ‘बरोबर’ म्हटलं तरच उत्तर द्यायचं. वक्तृत्व स्पर्धा गाजवलेली मुलं इथेच अडतात. त्यांना सभा जिंकायची असते, पण इथे समोरच्याची सही लागते.

पुढची ४० मिनिटं मसुदा. एकच परिच्छेद फळ्यावर लिहा आणि एकमत नसलेला भाग चौकटी कंसात ठेवा: ‘कापसावरील अनुदान [तीन] [सात] वर्षांत [कमी] [बंद] करण्यात येईल.’ कंस वरून खाली एकेक सोडवू नका. मुदतीवर आधीच नमतं घेतलं, तर ‘बंद’साठी द्यायला हातात काही उरत नाही. सगळे कंस एकत्र मांडा. सगळं ठरेपर्यंत काहीच ठरलं नाही असं धरा.

शेवटी अर्ध्या तासात प्रत्येकाने २०० शब्दांचा अहवाल लिहायचा. कोण काय म्हणालं, आपला अंदाज काय, पुढे काय करावं, हे तीन वेगळे परिच्छेद. समोरचा ‘विचार करू’ म्हणाला आणि अहवालात ‘ते तयार आहेत’ आलं, तर तो अहवाल परत करा. दिल्लीत बसलेला माणूस त्याच ओळीवर निर्णय घेत असतो.

मग तुमचा मसुदा जागतिक व्यापार संघटनेच्या २०१५ च्या नैरोबी परिषदेतल्या निर्णयाशेजारी ठेवून वाचा. तिथे विकसित देशांनी कापसावरचं निर्यात अनुदान तात्काळ थांबवायचं ठरलं. देशांतर्गत अनुदानाची कोंडी मात्र सुटली नाही.