शिंद्यांच्या छावणीतला दिवस उभा करायचा तर

पाहुण्यांना दाखवायला जुन्या काळची छावणी मांडायची म्हटली की नवी पोरं आधी तलवारींचा हिशेब करतात. तलवारी राहू द्या, आधी घोडी बघा. १६ डिसेंबरच्या आसपास खरमास लागला की संक्रांतीपर्यंत इथे ग्वाल्हेरला लग्नं नसतात. वरातीच्या घोड्या ठाणावर नुसत्या उभ्या, त्यामुळे मालक भावाला फार ताणत नाहीत. शिवाय बँडची सवय असल्यानं त्या गर्दीला बुजत नाहीत. आरसे, गोंडे, झिरमिळ्या मात्र सगळ्या उतरवून घ्या.

आपण दाखवतो ती दौलतराव शिंद्यांची १८०९ मधली फिरती फौज. पुढल्याच वर्षी ती किल्ल्याच्या दक्षिणेला तळ देऊन बसली आणि तिथे आमचं लष्कर, म्हणजे ग्वाल्हेर शहराचा हा भाग, वसलं.

मांडणी बाजारापासून करायची. कूच असलं की बिनीवाला पुढे जाऊन सरकारी डेऱ्याच्या जागी पांढरं निशाण रोवायचा. मग दुकानं समोरासमोर दोन रांगांत लागायची आणि सरदारांचे गोट त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरायचे. आपल्याला वाणी, भुसारी, नालबंद आणि पखालवाला एवढे पुरतात. शिपायाला शिधा फुकट मिळत असेल असं पाहुणे धरून चालतात. तो पदरचे पैसे मोजून पीठ घेतो, हे वाण्याच्या तोंडून कळू द्या. आणि बायकांनी काय करायचं, असं मला विचारू नका. फौजेबरोबर बायकापोरं, बाजारबुणगे असा सगळा पसारा चालायचा.

पालं मांजरपाटाची, तोंड आग्नेयेला, कारण वारा वायव्येकडून बोचतो. धुक्यात कापड ओलं झालं की आतून बोट लावायचं नाही, तिथूनच ठिबकायला लागतं. खाली डबऱ्याकडचं पुआल, म्हणजे भाताचा पेंढा, वर घोंगडी. चूल त्यापासून चांगली लांब आणि शेजारी वाळूची बादली. अंगात रुईभरला डगला, डोक्याला मुंडासं. आत स्वेटर खुशाल घाला, गळ्याशी दिसला नाही म्हणजे झालं.

छावणीचा दिवस घोड्याच्या पोटावर चालतो. पहाटे उठून खरारा करा, मग हरभरे बघा. रात्री भिजवलेला दाणा चिमटीत दाबला की साल सुटून डाळ दुभंगली पाहिजे. कच्चा राहिलेला दाणा पोटात फुगतो. पाणी आधी, तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची दाण्याची थैली, नंतर. तोबऱ्याची दोरी कानांमागून घ्या आणि घोडीचं तोंड दाण्यापर्यंत पोचेल, पण नाकपुड्या कोंडणार नाहीत, इतकीच आवळा. शेवटचे दाणे तळाशी उरले की घोडी मान झटकून तोबरा वर उडवते आणि शाळेची पोरं खिदळतात. नेमकं तेव्हाच सांगायचं: बारगिराचा घोडा सरकारचा किंवा सरदाराचा, शिलेदाराचा स्वतःचा, शिलेदाराचा मेला की त्याच्या पोटावरच पाय. ‘आंटी, तलवार असली है?’ हा प्रश्न तेवढा वेळ तरी थांबतो. अगाडी-पिछाडी, म्हणजे घोडीला पुढून-मागून जखडायच्या दोऱ्या, बांधणं मालकाकडेच ठेवा, तिथे हौस नको.

जेवणात बाजरीची भाकरी, डाळ, लसणाची चटणी आणि गूळ. टोमॅटो दिसता कामा नये. चहा पडद्याआड प्या. तो बंदच करू म्हणणाऱ्याला मी पहाटेच्या चौकीवर उभं करते.

संध्याकाळी लढाईचा खेळ करू नका, धरणं बसवा. दौलतरावांच्या फौजेचा पगार नेहमीचा थकलेला. शिपाई देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसायचे आणि निकाल लागेपर्यंत आतल्यालाही जेवता यायचं नाही. कारभारी म्हणून खाण्यापिण्याचा शौकीन माणूस निवडा आणि त्याचा डेरा चुलीच्या वाऱ्याला ठेवा. पाहुण्यांनाही धरण्यात बसवा. तडजोड किती रुपयांवर करायची ते मात्र आधी ठरवू नका. पेन्शनीतली मंडळी आली असतील तर ती मागच्या तीन वर्षांची थकबाकी व्याजासकट मागतात.