वेताळाला वाचवायचंय? मग सेलोटेप आधी लपवा

दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी पिशवी घेऊन परभणीतल्या आमच्या घरी येतं. गावाकडचा वाडा पाडताना नाहीतर आजोबांची ट्रंक उघडताना इंद्रजाल कॉमिक्सचा, म्हणजे वेताळ (इंग्रजीतला फँटम), मँड्रेक वगैरेंच्या जुन्या चित्रकथांचा गठ्ठा सापडलेला असतो. सापडला तेव्हा तो बरा होता, हे बघताक्षणी कळतं. पुढच्या पंधरा दिवसांत त्याचं वाटोळं झालेलं असतं. उंदीर, धूळ आणि माळवदाची गळती सोसून जो वेताळ चाळीस वर्षं टिकला, तो या मंडळींच्या हौसेपुढं हात टेकतो.

मी कुणी तज्ज्ञ नाही. पंचवीसेक वर्षं गोळा करतोय आणि त्यातली पहिली दहा याच चुका करण्यात घालवली, एवढाच माझा अधिकार.

सगळ्यात आधी सेलोटेप. पान फाटलेलं दिसलं की माणसाचा हात आपोआप त्या चकतीकडं जातो. माझाही गेला होता. दहावीनंतरच्या सुट्टीत काम नव्हतं, म्हणून माझ्याकडचे सत्तावीसच्या सत्तावीस अंक मी एका दुपारात ‘दुरुस्त’ केले. कडेला पट्टी, कण्याला पट्टी, वेताळाच्या कवटीगुहेवर आडवी पट्टी. वडिलांनी पाठ थोपटली, म्हणाले, पोरगं टापटिपीचं आहे. बारा-तेरा वर्षांनी ट्रंक उघडली तेव्हा पट्ट्या वाळून सुटल्या होत्या आणि त्यांच्या जागी काकवीच्या रंगाचे पट्टे उरले होते. डिंक कागदात मुरून पलीकडच्या पानापर्यंत गेलेला. एका अंकात वेताळाच्या प्रेयसीच्या, डायनाच्या चेहऱ्यावर असा पट्टा आहे की तिला कावीळ झाल्यासारखी वाटते. उरलेली पट्टी मी ओढून काढायला गेलो, तर शाईसकट कागदाचा पापुद्रा निघाला.

हा कागद वर्तमानपत्राचा, स्वस्त लगद्याचा. त्यात लाकडाचं लिग्निन राहिलेलं असतं, म्हणून तो उजेडानं पिवळा पडतो आणि वर्षागणिक कुरकुरीत होतो. तो बाहेरचं काहीही पिऊन टाकतो, तेल असो, डिंक असो, घाम असो. त्यामुळं जुनी पट्टी आहे तशी राहू द्या, ओढू नका. नवीन फाट असेल तर मी पांढऱ्या पतंगी कागदाची बोटभर पट्टी आणि मैद्याची अगदी पातळ खळ वापरतो. वरखाली बटर पेपर ठेवायचा आणि रात्रभर पंचांगांच्या गठ्ठ्याखाली दाबायचं. खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, ती नको. मोरचुदानं कागद लवकर करपतो. आणि फाट लहान असेल तर काहीच करू नका. फाटलेलं पान वाचता येतं.

सेलोटेपचा थोरला भाऊ म्हणजे लॅमिनेशन. माझा भाचा लातूरला असतो. त्याला मी हौसेनं एक बहादूरचा अंक दिला होता. आबिद सुरती यांनी १९७६ साली उभा केलेला हा देशी नायक, भगवा कुर्ता आणि जीन्स घालून चंबळच्या डाकूंशी भिडणारा. आठवड्यानं भाच्याचा फोन आला. ‘मामा, आता काई होत नाई बघा याला! पाण्यात बुडवा!’ एका झेरॉक्सच्या दुकानात त्यानं पिना काढून, मधोमध कापून, एकेक पान गरम प्लॅस्टिकमध्ये दाबून आणलं होतं. अंक हातात घेतला तर हॉटेलच्या मेनूकार्डांचा गठ्ठा. वास गेला, घडी गेली, पान उलटताना येणारा आवाज गेला. हे प्लॅस्टिक आता या जन्मात निघत नाही. वर पोरगं म्हणालं, ‘सगळे आणून द्या, करून आणतो.’ तेव्हापासून तो आला की मी ट्रंकेला कुलूप लावतो.

दुसरी चूक खास आपल्याकडची आहे, पुण्या-मुंबईच्या संग्राहकांना ती सुचणारही नाही. कॉमिक्सची मांडणी कूलरच्या खोलीत करायची. मराठवाड्यात एप्रिल-मे म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, आणि उन्हानं कागद करपेल म्हणून लोक मायेनं अंक थंड खोलीत ठेवतात. थंड खरी, पण ती हवा ओली असते. कूलर पाण्यातूनच वारा मारतो. दिवसभर अंकांनी ओल प्यायची, रात्री लाइट गेली की खोली भट्टी होणार, कागद पुन्हा सुकणार. असं दोन महिने चाललं की पानं पापडासारखी लहरतात. मग मृग लागतो, उरलीसुरली कसर बुरशी भरून काढते. ओळखीच्या एका मास्तरांनी कूलरच्या बरोबर समोर काचेचं कपाट केलं होतं, आत दिवा वगैरे. जुलैत त्यांचं बोलावणं आलं. कपाट उघडलं तर ओल्या गोणपाटाचा वास, चकचकीत मुखपृष्ठं एकमेकांना घट्ट चिकटलेली. मास्तर म्हणाले, गरम पाण्याच्या वाफेनं सुटतील का? मी म्हणालो, तुम्ही चहा टाका, वाफ तिथंच राहू द्या.

माझी ट्रंक पत्र्याची आहे, आतल्या खोलीत, जमिनीपासून दोन विटा वर, बाहेरच्या भिंतीला न टेकता. आतून जुनी सुती साडी. पावसाळ्यात ती उघडतच नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. खंडेनवमीला शस्त्रपूजेच्या दिवशी काढतो, तोवर हवा कोरडी झालेली असते. मग दोन दिवस सावलीत चादरीवर अंक पसरायचे, झटकायचे, परत ठेवायचे. कडुलिंबाचा पाला मीही घालतो, आई ज्वारीच्या कणगीत घालायची तसा, पण खडखडीत वाळवून आणि फडक्यात बांधून. हिरवा पाला घालणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांनी ट्रंकेत थेट ओलच पेरली. डांबरगोळ्या चालतात, कागदाला टेकू देऊ नका.

रबरबँड नको. तो वितळून मुखपृष्ठाला चिकटतो.

गंजलेल्या पिना ओढून काढू नका. पाय मागून बोथट सुरीनं सरळ करा, पिन अलगद उचला आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा घाला. नवीन पिना मारायची घाई असेल तर तुम्ही हा नाद सोडून तिकिटं जमवा.

बायंडिंग करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पूर्वी भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांनी दहा-दहा अंक बांधले, त्यांचा तो धंदा होता. तुम्ही कशाला बांधता? बायंडर तीन बाजूंनी कटर मारतो, आणि कडेच्या चौकटीतल्या संवादाच्या फुग्यांची अक्षरं त्यात जातात.

आता खरेदीतल्या चुका. नवशिक्याला पहिल्या महिन्यातच ‘पूर्ण संच’ हवा असतो. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमननं इंद्रजाल सुरू केलं, पहिले ३२ अंक निव्वळ वेताळाचे, आणि १९९० मध्ये बंद पडेपर्यंत एकूण ८०३ अंक निघाले. हा आकडा वाचला की माणूस वही घालून बसतो. असाच एक तरुण बीडहून आला होता. वहीत १ पासून पुढं सगळे आकडे, बरोबरच्या खुणा, आणि १२३ व १२४ ला लाल गोल. ‘हे दोन लई दुर्मिळ हायत दादा. एकानं १२४ दिला, बाराशे रुपये घेतले.’ इंग्रजी आवृत्तीचा अंक होता. मी भिंगाखाली धरला. आकड्यातला ३ ब्लेडनं खरडून शाईनं २ केलेला, मूळ अंक १३४ चा. १२३ आणि १२४ हे अंक दुर्मिळ नाहीत, ते निघालेच नाहीत. त्या वेळी टाइम्समध्ये संप होता. बिचाऱ्यानं न छापलेल्या कॉमिकसाठी एका महिन्याचं खोलीभाडं मोजलं होतं. त्याची वही पूर्ण करायची घाई विकणाऱ्यानं अचूक ओळखली. माझा नियम एवढाच, की अंक हातात घेऊन, आतली गोष्ट पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. संभाजीनगरला छावणीच्या बाजारात किंवा औरंगपुऱ्यात रद्दीवाल्यापाशी उकिडवं बसून तासभर चाळलं तर तो चिडत नाही, उलट चहा मागवतो.

ऑनलाइन ‘वेताळ’ शोधून मागवाल तर हमखास विक्रम-वेताळ येतो, झाडावर लोंबकळणारा. फोटो बघून मागवा.

वेताळाच्या पोशाखाचा रंग वेगळा दिसला म्हणून अंक खोटा ठरवू नका. ली फॉक यांचा हा नायक १९३६ पासून वर्तमानपत्रात काळ्यापांढऱ्यात छापला जात होता, १९३९ मध्ये रविवारच्या पानावर तो जांभळा झाला. स्वीडनमध्ये तो निळा, इटलीत लाल.

आणि शहाणपणा आवरा. एका निवृत्त साहेबांनी कुठंतरी वाचलं की वेताळाच्या देशाचं मूळ नाव बंगाला आहे, म्हणून त्यांनी स्वतःच्या सगळ्या अंकांतला ‘डेंकाली’ निळ्या बॉलपेननं खोडून ‘बंगाला’ केला. प्रत्येक फुग्यात. इंद्रजालवाल्यांनी ते नाव मुद्दाम बदललं होतं, तसंच वेताळाच्या गोष्टींतल्या सिंग नावाच्या चाच्यांचं सिंगा केलं होतं. त्या बदलांमुळंच तर आपला अंक आपला आहे. वाघ आणि सिंह एकाच जंगलात कसे, असंही ते विचारत होते. फॉक यांनी तो देश आधी आशियात ठेवला, पुढं आफ्रिकेत हलवला. नशीब, वाघांवर त्यांनी पेन चालवलं नाही.

जुन्या मालकाची नावंही खोडू नका. ‘इयत्ता ६ वी ब’, ‘हे पुस्तक चोरणाऱ्यास पाप लागेल’, वाचनालयाचे जांभळे शिक्के, सगळं राहू द्या. माझ्याकडं जादूगार मँड्रेकचा एक अंक आहे. त्यावर शिक्का आहे, उशीर झाल्यास रोज ५ पैसे दंड, आणि खाली परत करायची तारीख १२ मे १९८१. वाचनालय कधीच बंद पडलं. अंक नेणाऱ्याच्या नावापुढं माझ्या थोरल्या भावाची सही आहे.