अनेक लिनक्स संगणकांवरील सेटिंग एकसारखी ठेवताना

घरात लिनक्सचे दोन-तीन संगणक असतील, तर बॅश (कमांड चालवणारा शेल), व्हिम (टेक्स्ट एडिटर) यांसारख्या प्रोग्रॅमच्या होम डिरेक्टरीतील (वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमधील) सेटिंग फाइली एकाच खासगी गिट रेपॉझिटरीत (फाइलींतील बदलांचा इतिहास जपणाऱ्या साठ्यात) ठेवून ग्नू स्टो या साधनाच्या साहाय्याने प्रत्येक संगणकावर त्यांच्या सिमलिंक (मूळ फाइलीकडे नेणारे दुवे) तयार कराव्यात. संपूर्ण संगणकाच्या सेटिंग असलेल्या ईटीसी (/etc) डिरेक्टरीला मात्र हा मार्ग सरसकट लावू नये, कारण तिथल्या एफएसटॅबमध्ये (संगणक सुरू होताना काय-काय जोडायचे याच्या यादीत) बहुधा त्या-त्या डिस्कचे यूयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक) असतात आणि ती फाइल दुसऱ्या संगणकावर जशीच्या तशी उतरवल्यास तो सुरू होतानाच अडकू शकतो. मशीन-आयडी (त्या संगणकाची ओळख असलेली ईटीसीतील फाइल) तर प्रत्येकाची वेगळीच असावी लागते. त्याऐवजी प्रत्येक संगणकावर ईटीसीकीपर (ईटीसी डिरेक्टरी गिटसारख्या रेपॉझिटरीत ठेवणारे साधन) स्वतंत्रपणे बसवावे, ते फाइलींच्या मालकीची व परवानग्यांचीही नोंद ठेवते. पासवर्डचे हॅश (पासवर्डपासून बनवलेली सांकेतिक रूपे) असलेली शॅडो फाइल त्यात येत असल्यामुळे ईटीसीकीपरची ही रेपॉझिटरी कधीही सार्वजनिक करू नये.