बंद वाटणारा जुना कार अ‍ॅम्प्लिफायर तपासण्याआधीची तयारी

वापरलेला अ‍ॅम्प्लिफायर गाडीत जोडला आणि त्यावरचा दिवा लागला नाही, की तो ‘गेला’ असे ठरवून मोकळे होण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात दोष तारेत, फ्यूजमध्ये किंवा ग्राउंडच्या (अर्थिंगच्या) जोडणीत असण्याची शक्यता मोठी असते, आणि घाईने केलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या जोडणीत चांगला अ‍ॅम्प खरोखरच जळतो. म्हणून पेचकस हातात घेण्यापूर्वी साधने आणि तपासणीचा क्रम या दोन्ही गोष्टी तयार ठेवाव्यात.

डायोड तपासणीची सोय असलेला डिजिटल मल्टिमीटर सर्वांत आधी हवा. त्याशिवाय पूर्ण चार्ज केलेली 12 व्होल्टची बॅटरी (यूपीएसमधली 7 अँपिअर-अवरची चालते), हेडलाइटचा 60/55 वॅटचा एच-फोर बल्ब, जाड तारेचे दोन-तीन तुकडे, अ‍ॅम्पवर छापलेल्या क्षमतेचेच नवे फ्यूज, पॉलिश पेपर आणि मोजमापे लिहून ठेवण्यासाठी वही एवढे जवळ असावे. मोजमापे लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नये. तासाभराने कोणता आकडा रिमोट (सुरू होण्याचा इशारा देणारी तार) जोडण्यापूर्वीचा होता आणि कोणता नंतरचा, हे आठवत नाही.

वीज जोडण्यापूर्वी अ‍ॅम्प हलवून आत काही खुळखुळते का ते ऐकावे, जाळीला नाक लावून जळका वास येतो का ते पाहावे आणि तळाच्या पत्र्याचे स्क्रू पूर्वी कोणी उघडल्याच्या खुणा शोधाव्यात. छापील 30 अँपिअरच्या जागी 40 चा फ्यूज किंवा तारेचा तुकडा बसवलेला आढळला, तर मूळ फ्यूज वारंवार उडत होता असे समजावे. फ्यूज बाहेर काढून मीटरनेच तपासावा, नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या चार चॅनेलच्या एका अ‍ॅम्पवर मी संपूर्ण रविवार घालवला होता, आणि शेवटी दोष निघाला तो दिसायला अखंड असलेल्या फ्यूजच्या पात्यापाशी गेलेल्या बारीक तड्यात.

त्यानंतर फ्यूज जागेवर बसवून, अ‍ॅम्पला काहीही जोडलेले नसताना, मीटर डायोडवर ठेवावा आणि लाल टोक ग्राउंडला, काळे टोक बॅटरीच्या टर्मिनलला लावावे. साधारण 0.4 ते 0.6 व्होल्टचा आकडा दिसणे अपेक्षित आहे; टोके उलटी केल्यावर आतले कपॅसिटर भरत जातात तसा आकडा वाढत जाऊन मर्यादेबाहेर जातो. दोन्ही बाजूंनी मीटर सलग वाजू लागला, तर पूर्वी कोणीतरी बॅटरी उलटी जोडल्याने संरक्षक डायोड शॉर्ट झालेला असतो किंवा वीजपुरवठ्याच्या भागातले मॉस्फेट (एका प्रकारचे ट्रान्झिस्टर) गेलेले असतात. अशा अ‍ॅम्पला थेट बॅटरी कधीही लावू नये.

गाडीतली तपासणी तीन टर्मिनलांवर होते: बॅटरी, ग्राउंड आणि रिमोट. इंजिन बंद असताना बॅटरी टर्मिनलवर 12.6 व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळावेत, आणि म्युझिक सिस्टिम सुरू केल्यावर निळ्या-पांढऱ्या रिमोट तारेवर जवळपास तेवढेच व्होल्ट यावेत. कंपनीने बसवलेल्या अनेक सिस्टिमना रिमोटची तारच नसते, त्यामुळे ‘बंद’ अ‍ॅम्पचे कारण बऱ्याचदा इतकेच असते. येथे एक फसगत होते, ती नीट समजून घ्यावी. मल्टिमीटर नगण्य करंट घेतो, म्हणून गंजून एकाच धाग्यावर तग धरलेली तारही त्याला 12 व्होल्ट दाखवते, पण अ‍ॅम्प करंट मागू लागताच ते व्होल्ट कोसळतात. त्यामुळे बॅटरी आणि ग्राउंड या दोन तारांच्या अ‍ॅम्पकडच्या टोकांमध्ये हेडलाइटचा बल्ब लावून, तो पेटलेला असतानाच मोजावे. व्होल्ट खाली आले, तर ग्राउंड तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मीटर धरावा; 0.1 व्होल्टपेक्षा बराच जास्त आकडा आला, तर बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा करावा. कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या गाडीत ही जागा आधीच गंजलेली असते, असे गृहीत धरूनच कामाला लागावे. रिमोटच्या बारीक तारेवर मात्र एवढा मोठा बल्ब लावू नये, कारण सिस्टिमची ती आउटपुट लाइन फार थोडा करंट देऊ शकते.

गाडीकडून सर्व काही ठीक मिळत असेल, तर अ‍ॅम्प टेबलावर आणून सिरीज बल्बवर चालवावा. बॅटरीचे धन टोक, बल्ब आणि अ‍ॅम्पचे बॅटरी टर्मिनल अशी ओळीने जोडणी करावी. स्पीकर आणि सिस्टिमकडून आवाजाचा सिग्नल आणणाऱ्या आरसीए केबल दूर ठेवाव्यात. आत शॉर्ट असला तरी 55 वॅटचा फिलामेंट करंट साडेचार अँपिअरच्या आसपास रोखतो, त्यामुळे सर्किट बोर्डवरचे ट्रॅक जळत नाहीत. बल्ब क्षणभर चमकून विझला, तर वीजपुरवठ्याची प्राथमिक (बॅटरीकडची) बाजू ठीक आहे. त्यानंतर बॅटरीच्या धन टोकावरून रिमोटला स्वतंत्र तार द्यावी. बल्ब पुन्हा किंचित उजळून मंद झाला आणि हिरवा दिवा लागला, तर अ‍ॅम्प जिवंत आहे. लाल दिवा लागून राहिला, तर आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असल्याचा संशय घ्यावा.

काहीच हालचाल नसेल, तरच झाकण उघडावे. जोडणीच्या टर्मिनलांचे सोल्डर तडकले आहे का ते आधी पाहावे. आतला वीजपुरवठा चालवणारी चिप (पीडब्ल्यूएम आयसी) टीएल 494 असेल, तर रिमोट दिल्यावर 12 क्रमांकाच्या पायावर बॅटरीइतके आणि 14 वर 5 व्होल्ट मिळायला हवेत. 4 क्रमांकाचा पाय 3 व्होल्टच्या वर अडकला असेल, तर संरक्षण सर्किटच त्याला रोखून धरत आहे. ट्रान्झिस्टर हीटसिंकला (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाला) दाबणाऱ्या पट्ट्या सैल असताना वीज देऊ नये, कारण ते काही सेकंदांत तापून जातात.

अ‍ॅम्प सुरू झाला, तरी प्रत्येक चॅनेलच्या स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजावा. तो 50 मिलिव्होल्टच्या आत असल्याची खात्री झाल्यावर एखादा जुना, खराब झाला तरी चालेल असा स्पीकर लावून अर्धा तास ऐकावे; तोवर गाडीतले स्पीकर जोडू नयेत.