मास्टोडॉनवर खासगी लिहिताय? आधी या चुका टाळा

मास्टोडॉन हे ट्विटरसारखं, पण वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या अनेक सर्व्हरवर पसरलेलं समाजमाध्यम. तिथे खासगी निरोप लिहायला वेगळी जागा नाही. जगजाहीर पोस्ट ज्या चौकोनात लिहायची, त्याच चौकोनात एकट्या माणसालाही लिहायचं; फरक पोस्ट कोणाला दिसावी हे ठरवणाऱ्या एका बटणाचा. वापरायला सोपं, पण निम्मे घोटाळे इथेच होतात.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे खासगी निरोपात तिसऱ्याचं नाव @ लावून लिहिणं. तुम्ही मैत्रिणीला लिहिता, ‘त्या @अमुकतमुकने परत तेच केलं बघ.’ झालं! अमुकतमुकलाही तो निरोप जसाच्या तसा पोचतो, कारण ज्याच्या नावाला @ लागलं तो संभाषणात आला, असाच तिथला नियम आहे. चुगली करायचीच असेल तर @ न लावता करा. पाठवून बसला असाल तर ताबडतोब डिलीट करा. समोरचा दुसऱ्या सर्व्हरवर असेल तर तिकडे पुसून टाकण्याची फक्त विनंती जाते. ती सहसा पाळली जाते, पण त्याने आधीच वाचलं असेल तर इलाज नाही.

आणि हे निरोप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त दोन्ही टोकांनाच वाचता येतील असे कुलूपबंद, नसतात. दोन्हीकडच्या सर्व्हरच्या अॅडमिनने, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्याने, मनात आणलं तर त्याला ते वाचता येतात. आधारचा फोटो, घरचा पत्ता असलं काही पाठवायचं तर सिग्नल हे मेसेजिंग अॅप वापरा.

‘फक्त फॉलोअर्ससाठी’ या पर्यायावरही डोळे झाकून विसंबू नका. फॉलो करायला तुमची मंजुरी लागत नसेल, तर कोणीही फॉलो करून वाचू शकतं. तुमच्याच सर्व्हरवरचा असेल तर जुन्या पोस्टही. सेटिंगमध्ये जाऊन नवे फॉलोअर्स आपोआप स्वीकारणं बंद करा. आधीपासून असलेले फॉलोअर्स मात्र तसेच राहतात, ती यादी स्वतःच चाळावी लागते.

काही जण याच्या उलट करतात. दिसेल ते सगळं बंद करून ठेवतात आणि मग ‘इथे कोणी फिरकतच नाही’ म्हणून कुरकुरतात. हॅशटॅग लावूनही पोस्ट सापडत नसेल तर आधी बटण बघा: पोस्ट पूर्ण सार्वजनिक नसेल तर ती हॅशटॅगखाली येत नाही. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा भारतातून पुष्कळ जण इकडे आले. त्या वेळी अनोळखी लोकांच्या पोस्टमध्ये शब्द शोधायची सोयच नव्हती. ती आली 2023 मध्ये, 4.2 आवृत्तीत, आणि तीही ज्यांनी परवानगी दिली त्यांच्याच पोस्टपुरती. लोकांनी तुम्हाला शोधावं असं वाटत असेल तर ही परवानगी द्या. माझ्या मते एवढं उघडं राहायला हरकत नाही.

कंटाळून ब्लूस्काय या ट्विटरसारख्याच दुसऱ्या समाजमाध्यमावर जायचा विचार असेल, तर तिथे तुम्ही कोणाकोणाला ब्लॉक केलंय हेही सार्वजनिक असतं.