आडत दुकानाच्या प्रोग्राममध्ये सेटिंग्जची फाइल कशी वाचावी आणि लिहावी

लातूरच्या बाजार समितीतील एखाद्या आडत दुकानासाठी सोयाबीन आणि तुरीची हिशोबपट्टी काढणारा प्रोग्राम लिहायचा असेल, तर हमाली, तोलाई, आडतीचा टक्का, प्रिंटरचे नाव या गोष्टी कोडमध्ये लिहू नयेत. दर बदलला की मुनिमाला तो नोटपॅडमध्ये स्वतः बदलता यावा, यासाठी त्या वेगळ्या फाइलीत ठेवाव्यात.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेसोबतच मिळणारे कॉन्फिगपार्सर हे मॉड्यूल (तयार कोडचा संच) आयएनआय पद्धतीची फाइल वाचते. तिचे रूप असे असते (आकडे नमुन्यादाखल आहेत):

[दर]
# प्रति क्विंटल, रुपये
हमाली = १२.५०
तोलाई = ५

[छपाई]
दोन_प्रती = हो

सेटिंग्ज ठेवण्याच्या जेसन आणि टॉमल अशा आणखीही पद्धती आहेत. पण जेसनमध्ये टीप लिहिता येत नाही आणि एक स्वल्पविराम राहिला तरी सगळी फाइल अडते. टॉमलसाठी पायथॉन ३.११ पासून मिळणारे टॉमललिब हे मॉड्यूल फक्त वाचते, लिहीत नाही. मुनिमाच्या हाती द्यायच्या फाइलीसाठी म्हणूनच मला आयएनआय योग्य वाटते.

फाइल वाचताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, स्वतः सांगावे, कारण विंडोजवर ते न सांगितल्यास बहुधा यंत्राचे जुने कोडपेज (जुनी अक्षरपद्धत) गृहीत धरले जाते आणि देवनागरी मजकूर बिघडतो. काही नोटपॅड फाइलीच्या आरंभी एक अदृश्य खूण ठेवतात. एन्कोडिंग म्हणून ‘यूटीएफ-८-सिग’ दिल्यास ती खूण असली-नसली तरी वाचन नीट होते. पार्सर तयार करतानाच इंटरपोलेशन, म्हणजे % चिन्हाच्या जागी दुसऱ्या नोंदीचा मजकूर भरण्याची सोय, बंद करावे, नाहीतर कोणी आडतीपुढे ‘२%’ लिहिले की टक्क्याच्या चिन्हावर प्रोग्राम थांबतो. मुळात त्या जागी नुसता आकडाच लिहावा, हे फाइलीतल्या टिपेत सांगून ठेवावे. टीप मात्र स्वतंत्र ओळीवर हवी. दरापुढे त्याच ओळीवर लिहिलेली टीप पार्सरची मांडणी न बदलल्यास दराचाच भाग समजली जाते.

वाचलेली प्रत्येक नोंद, आकडा असला तरी, मजकूर म्हणूनच येते, हे विसरू नये. पूर्ण संख्येसाठी गेटइंट आणि दशांश संख्येसाठी गेटफ्लोट या क्रिया वापराव्यात. पैशांसाठी मात्र मजकूर घेऊन त्याचे डेसिमल (दशांश अचूक ठेवणारा संख्याप्रकार) करणे अधिक चांगले. मुनिमाने ‘१२.५०’ देवनागरी अंकांत लिहिले तरी पायथॉन ते अचूक ओळखतो, ही आपल्यासाठी मोठीच सोय आहे. हो-नाही स्वरूपाची नोंद वाचणाऱ्या गेटबूलियनला मात्र ‘हो’ आणि ‘नाही’ कळत नाहीत. ते शब्द बूलियन_स्टेट्स या कोशात आपणच घालावे लागतात.

सर्वांत जपायची गोष्ट पुढची आहे. फाइल सापडली नाही, तर रीड ही क्रिया कोणतीही चूक न दाखवता पुढे जाते. ती फक्त वाचलेल्या फाइलींची यादी परत देते. ती यादी तपासावी. प्रिंटरचे नाव नसेल, तर ठरलेला पर्याय वापरायला हरकत नाही. पण हमालीचा दर नसेल, तर मनाने शून्य किंवा जुना दर धरू नये. कोणत्या विभागातली कोणती नोंद नाही ते मराठीत स्पष्ट सांगून प्रोग्राम थांबवावा, कारण चुकीच्या दराने निघालेल्या पट्टीचे पैसे शेतकऱ्याच्या किंवा खरेदीदाराच्या खिशातून जातात.

फाइल लिहिण्याची गरज शक्यतो कमी ठेवावी. कॉन्फिगपार्सर लिहिताना सगळ्या टिपा गाळून टाकतो, त्यामुळे प्रोग्रामने स्वतः बदलायच्या नोंदी, जसे शेवटचा पट्टी क्रमांक, दुसऱ्या फाइलीत असाव्यात. शिवाय लिहिण्यासाठी उघडताच जुनी फाइल रिकामी होते; नेमक्या त्या क्षणी वीज गेली, आणि आपल्या भागात ती कधीही जाते, तर हाती कोरी फाइल उरते. यासाठी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने नवी फाइल लिहावी, फ्लश आणि एफसिंक करून मजकूर डिस्कवर पोहोचवावा, मग ती फाइल पुन्हा वाचून सर्व दर जसेच्या तसे येतात का हे पाहावे, आणि त्यानंतरच ओएस.रिप्लेसने तिला मूळ फाइलीच्या जागी बसवावे.